शुक्राणूची शेपटी वेग कसा बदलते: प्रथिनांवरचे छोटे बदल आणि त्यांचे मोठे परिणाम

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. परिपक्व शुक्राणूत जनुकं बंद असतात, नवीन प्रथिनं जवळजवळ तयारच होत नाहीत. तरी हाच शुक्राणू वृषणातून निघताना निपचित असतो, वीर्यात आल्यावर सरळ पोहतो आणि बीजनलिकेत पोचल्यावर शेपटीचे जोरदार फटकारे मारू लागतो. ‘शेपटीतल्या प्रथिनांच्या फॉस्फोरिलेशनमुळे, म्हणजे त्यांना फॉस्फेट गट जोडला गेल्यामुळे, हे घडतं’ एवढी एकच ओळ पुस्तकात सापडते. त्या ओळीमागे खरं काय घडतं, आणि वीर्य तपासणीच्या अहवालातल्या ‘मोटिलिटी’शी, म्हणजे शुक्राणूंच्या गतीशी, त्याचा संबंध किती?

पुस्तकातली ओळ चुकीची नाही, पण फार अपुरी आहे. माझं बरंचसं काम अँड्रॉलॉजीच्या, म्हणजे पुरुषांच्या प्रजनन-आरोग्याच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली पोहणारे शुक्राणू बघण्यात जातं. त्या अनुभवावरून सांगतो: ‘फॉस्फेट लागला की शुक्राणू पळाला’ असं चित्र डोक्यात ठेवलंत तर पुढचं सगळं गोंधळाचं वाटेल. फॉस्फेट कोणत्या प्रथिनावर लागला, शेपटीच्या कोणत्या भागात लागला आणि तो काढून टाकणारं एन्झाइम त्या वेळी जागं होतं की झोपलेलं, या तीन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात. शिवाय फॉस्फेट हा अनेक बदलांपैकी एक. शेपटीच्या प्रथिनांवर ग्लायसिन जोडलं जातं, ग्लुटामेट जोडलं जातं, असिटिल गट बसतो, गंधकाचे बंध तयार होतात, आणि काही प्रथिनं तर ठरल्या जागी कापली जातात.

आधी शेपटीची रचना बघू, कारण जागेचं महत्त्व तिथूनच कळतं. माणसाचा शुक्राणू साधारण ५५ ते ६० मायक्रोमीटर लांब असतो आणि त्यातली बहुतेक लांबी शेपटीची. मधोमध अ‍ॅक्सोनीम: बाहेरून सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या, आत दोन सुट्या नलिका. प्रत्येक जोडीवर डायनीन नावाच्या मोटर-प्रथिनाचे हात असतात. डायनीन एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू फोडतं आणि शेजारच्या जोडीला सरकवतं. जोड्या एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे सरकणं पुढे जाऊ शकत नाही, त्याचं वाकणं होतं. आता सगळ्या बाजूंच्या डायनीननी एकाच वेळी सारखा जोर लावला तर काय होईल? रस्सीखेचीत दोन्ही संघ तुल्यबळ असले की दोर जागचा हलत नाही, तसंच. शेपटी ताठ उभी राहील. म्हणून एका बाजूचे डायनीन चालू आणि समोरच्या बाजूचे बंद, मग उलट, अशी पाळी सेकंदाला अनेक वेळा बदलावी लागते. प्रथिनांवरचे रासायनिक बदल मुख्यतः या पाळीचा ताल आणि तोल ठरवतात. मोटर नुसती ‘जास्त चालू’ करून शुक्राणू वेगात जात नाही.

अ‍ॅक्सोनीम समुद्री साळिंदरासारख्या प्राण्याच्या शुक्राणूतही असतो. सस्तन प्राण्यांनी त्याभोवती तीन गोष्टी वाढवल्या. एक, नऊ जाड बाह्य तंतू, जे शेपटीला ताठपणा देतात. दोन, मध्यखंडात अ‍ॅक्सोनीमभोवती गुंडाळलेले मायटोकॉन्ड्रिया. तीन, त्याच्या पुढच्या लांब मुख्य खंडात तंतुमय आवरण. हे तिसरं आवरण बरीच वर्षं नुसता आधार देणारा सांगाडा समजलं जायचं. आता आपल्याला माहीत आहे की ती एन्झाइमांची बैठक आहे. कायनेज, म्हणजे फॉस्फेट लावणारी एन्झाइम, तिथे बांधलेले असतात, ग्लुकोज फोडणारी एन्झाइम तिथे बांधलेली असतात. त्याच खंडाच्या पटलात कॅल्शियमची खास वाहिनी असते. तिच्याकडे पुढे येतो.

पहिला मुक्काम एपिडिडिमिसचा, म्हणजे वृषणालगतच्या नळीचा. वृषणातून बाहेर पडलेल्या शुक्राणूकडे शेपटी पूर्ण असते, डायनीन असतात, एटीपीही असतो. तरी तो पोहत नाही. माणसात सुमारे सहा मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या या नळीतून जाताना त्याला पोहण्याची क्षमता येते. नळीच्या सुरुवातीच्या भागातून काढलेले शुक्राणू स्लाइडवर ठेवले तर बहुतेक जागच्या जागी थरथरतात किंवा पडून राहतात. शेवटच्या भागातले त्याच द्रावात सोडले की लगेच नजरेतून निसटतात. मधल्या प्रवासात काय बदललं?

याचं एक देखणं उत्तर १९९६ मध्ये बैलाच्या शुक्राणूंवरच्या कामातून आलं. सगळे कायनेजच्या मागे लागलेले असताना त्या गटाने फॉस्फेट काढणाऱ्याकडे, फॉस्फटेजकडे बघितलं. शुक्राणूत पीपी१-गॅमा-२ नावाचा फॉस्फटेज असतो. एपिडिडिमिसच्या सुरुवातीला त्याची क्रिया जास्त, शेवटी कमी. कॅलिक्युलिन किंवा ओकाडेइक आम्ल वापरून हा फॉस्फटेज रोखला, तर सुरुवातीच्या भागातले निपचित शुक्राणूही हलू लागले. म्हणजे यंत्रणा तयार होती, कोणीतरी फॉस्फेट सतत खरवडून काढत होतं. त्याच कामात जीएसके३ या कायनेजची क्रिया निपचित शुक्राणूंत पोहणाऱ्यांपेक्षा सुमारे सहा पट आढळली. हे ऐकायला उलटं वाटतं, कारण इथे कायनेज जास्त आणि गती कमी. गुंता सुटतो तो असा: फॉस्फटेजला दाबून ठेवणारं एक प्रथिन असतं, जीएसके३ त्याच्यावर फॉस्फेट लावून त्याची पकड सैल करतं आणि फॉस्फटेज मोकळा सुटतो. पुढे जीएसके३ निष्क्रिय होत गेलं की फॉस्फटेज पुन्हा दाबला जातो. गंमत म्हणजे अल्फा प्रकारचं जीएसके३ उंदरातून पूर्ण काढून टाकलं तर नर वंध्यच होतात, आणि जवळचा बीटा प्रकार ती उणीव भरून काढत नाही. नुसतं ‘बंद करा म्हणजे पळेल’ असंही नाही.

याच प्रवासात शेपटीचा पोतही बदलतो. बाह्य तंतूंतल्या प्रथिनांत गंधकयुक्त सिस्टीन भरपूर असतं आणि सुरुवातीला त्याला जस्त चिकटलेलं असतं. जस्त निघून जातं, सिस्टीनचं ऑक्सिडेशन होतं आणि शेजारशेजारच्या साखळ्या डायसल्फाइड बंधांनी बांधल्या जातात. शेपटी ताठ होते. ताठ झाल्याशिवाय डायनीनचा जोर लाटेच्या रूपाने शेवटपर्यंत पोचत नाही. मध्यखंडात सेलेनियम असलेलं जीपीएक्स४ हे एन्झाइम आपलं एन्झाइमचं काम सोडून चक्क बांधकामाचं प्रथिन बनतं आणि मायटोकॉन्ड्रियाभोवतीचं कवच घट्ट करतं. हे १९९९ मध्ये समोर आलं. सेलेनियम कमी पडलेल्या प्राण्यांत शुक्राणूचा मध्यखंड वाकतो, तुटतो, हे निरीक्षण त्याच्या आधीपासून होतं, त्याचं कारण तेव्हा कळलं. या मुद्द्यावर मी मुद्दाम थांबलो, कारण फॉस्फोरिलेशनच्या गर्दीत तो नेहमी सुटतो.

दुसरा टप्पा वीर्यस्खलनाचा. एपिडिडिमिसमधला द्राव थोडा आम्लधर्मी असतो आणि त्यात बायकार्बोनेट फार कमी असतं. वीर्यात आणि स्त्रीच्या प्रजननमार्गात बायकार्बोनेट बरंच जास्त. शुक्राणूत एक विशेष अ‍ॅडेनिलिल सायक्लेज असतं, विरघळणारं, पटलात न रुतलेलं; हे एन्झाइम सीएएमपी नावाचा संदेशवाहक रेणू बनवतं. इतर पेशींतल्या याच्या भाऊबंदांना हार्मोन आणि जी-प्रथिनं जागं करतात. याला थेट बायकार्बोनेट आणि कॅल्शियम जागं करतात. ते जागं झालं की सीएएमपी वाढतो, सीएएमपीमुळे पीकेए हा कायनेज सुटा होतो, आणि पीकेए शेपटीतल्या प्रथिनांच्या सेरिन व थ्रिओनिन या अमिनो आम्लांवर फॉस्फेट लावतो.

हे किती झटपट होतं ते बघण्यासारखं असतं. बायकार्बोनेट नसलेल्या द्रावात उंदराचे शुक्राणू ठेवा. अल्ब्युमिनही नसेल तर डोकी काचेला चिकटतात आणि शेपट्या मोकळ्या राहतात, त्यामुळे एकाच शेपटीकडे टक लावून बसता येतं. ती संथ वळवळत असते. बायकार्बोनेट असलेला द्राव सोडला की मिनिटभराच्या आत ठोक्यांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. इतक्या वेळात कोणतंही नवीन प्रथिन बनू शकत नाही, नवं काही घडलंय ते आधीच असलेल्या प्रथिनांवर. विद्यार्थ्यांना मी कागदावरची साखळी शिकवण्याआधी हे दाखवतो.

जनुकं काढून टाकलेल्या उंदरांनी ही साखळी पक्की केली. विरघळणारं सायक्लेज नसलेले नर वंध्य असतात, त्यांचे शुक्राणू पुढे जात नाहीत. बाहेरून पटलातून आत शिरू शकणारा सीएएमपीसदृश रेणू दिला की हालचाल परत येते. पीकेएचा शुक्राणूतला खास उपप्रकार काढला तर शेपटी वळवळते, पण बायकार्बोनेट दिल्यावर येणारी तेजी येत नाही. माणसातही या सायक्लेजच्या जनुकात दोष असलेले वंध्य पुरुष सापडले आहेत, आणि त्यांच्या बाबतीत लघवीतून कॅल्शियम जास्त जाणं व मूतखडे यांचीही नोंद आहे, कारण हेच एन्झाइम इतरत्रही काम करतं.

आता जागेचा मुद्दा. पीकेए शेपटीभर सैरावैरा फिरत नाही. तंतुमय आवरणातली एकॅप३ आणि एकॅप४ ही प्रथिनं त्याला जागेवर धरून ठेवतात. एकॅप४ हे त्या आवरणातलं सगळ्यात मुबलक प्रथिन. ते आधी लांब, अपक्व रूपात बनतं आणि शेपटी जुळत असताना त्याचा पुढचा तुकडा कापला जातो. हाही एक प्रथिन-बदलच, आणि न उलटणारा. एकॅप४ नसलेल्या उंदरांत शुक्राणूंची संख्या व्यवस्थित असते, पण आवरण अर्धवट आणि शेपटी आखूड, पुढे पोहणं नाहीच. पीकेए आहे, डायनीनही आहे, तरी काम होत नाही. म्हणून एखाद्या शोधनिबंधात ‘पीकेएची एकूण क्रिया’ मोजलेली दिसली की मी लगेच विचारतो: शेपटीच्या कोणत्या भागातली?

स्खलनानंतरच्या पहिल्या काही मिनिटांबद्दल एक गोष्ट जाता जाता. माणसाचं वीर्य आधी गोठतं. त्या गोठलेल्या वीर्यातलं सेमिनोजेलिन हे प्रथिन शुक्राणूच्या पृष्ठभागावर बसून गती दाबतं. पीएसए हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं, वीर्य पातळ होतं आणि शुक्राणू मोकळे होतात. नमुना पूर्ण पातळ होण्याआधी गती मोजली तर आकडा खोटा येतो तो यामुळेच.

तिसरा टप्पा सगळ्यात गाजलेला आणि माझ्या मते सगळ्यात चुकीचा शिकवला जाणारा. १९५१ मध्ये चँग आणि ऑस्टिन यांनी स्वतंत्रपणे दाखवलं की ताज्या शुक्राणूला स्त्रीच्या प्रजननमार्गात काही तास काढल्याशिवाय बीज फलित करता येत नाही. यालाच कपॅसिटेशन म्हणतात. नंतर यानागिमाची यांनी हॅमस्टरच्या शुक्राणूंत त्या अवस्थेतली वेगळी, आडदांड हालचाल पाहिली. तीच हायपरअ‍ॅक्टिव्हेशन. सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखू येते. नेहमीचा शुक्राणू जवळजवळ सरळ रेषेत, शेपटीची छोटी समान लाट मारत जातो. हायपरअ‍ॅक्टिव्ह झालेला एका बाजूला खोल वाकतो, डोकं रुंद झोके घेतं, वाट वेडीवाकडी होते, कधी तो जागेवरच चांदणीसारखा मार्ग काढत फिरतो. पातळ द्रावात असा शुक्राणू फारसा पुढे जात नाही. चिकट द्रावात आणि बीजनलिकेच्या भिंतीला चिकटल्यावर सुटून निघण्यासाठी मात्र हाच जोर लागतो. संगणकीय मोजणीत माणसाच्या शुक्राणूसाठी साधारणपणे वक्र मार्गावरचा वेग सेकंदाला १५० मायक्रोमीटर किंवा जास्त, सरळपणा ५० टक्के किंवा कमी आणि डोक्याचा झोका ७ मायक्रोमीटर किंवा जास्त असे निकष वापरतात. शुक्राणू ठेवायच्या काचेच्या चेंबरची खोली कमी असेल, समजा १० मायक्रोमीटर, तर शेपटीला झोका घ्यायला जागाच उरत नाही आणि हायपरअ‍ॅक्टिव्हेशन ‘नाही’ असा निकाल येतो. निदान ३० मायक्रोमीटर खोली हवी.

१९९५ मध्ये व्हिस्काँटी आणि कॉफ यांच्या गटाने दाखवलं की कपॅसिटेशनच्या काळात उंदराच्या शुक्राणूतल्या प्रथिनांत टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लागत जातं आणि ते पीकेएवर अवलंबून असतं. टायरोसिनचे फॉस्फेट ओळखणारं प्रतिद्रव्य वापरून ब्लॉट केला, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून बघितली, तर सुरुवातीला एकच ठळक पट्टा दिसतो, ११६ किलोडाल्टनच्या आसपास. तो हेक्सोकायनेज या ग्लुकोजवर काम करणाऱ्या एन्झाइमचा, त्यावर फॉस्फेट कायमचाच असतो. तास-दीड तासाने त्याच्या वरखाली एकामागून एक पट्टे उमटतात. हेच प्रतिद्रव्य चमकणाऱ्या रंगासह वापरलं तर मुख्यत्वे शेपटी, त्यातही मुख्य खंड उजळतो. पट्टे उमटण्याच्या वेळेच्या आसपासच हायपरअ‍ॅक्टिव्हेशन सुरू होतं. दोन्हींची सांगड घालून मोकळं व्हायचा मोह कुणालाही होईल, आणि तो झालाच. कित्येक वर्षं पट्टे म्हणजेच हायपरअ‍ॅक्टिव्हेशनचं कारण असं लिहिलं गेलं.

मग तीन गोष्टी समोर आल्या. पहिली: २०१६ मध्ये उंदरात हे टायरोसिन-फॉस्फेट लावणारा कायनेज सापडला, त्याचं नाव फेर. फेर निकामी केलेल्या उंदरांच्या शुक्राणूत ते पट्टे वाढतच नाहीत. तरीही ते नर पिल्लं देतात. काचेच्या ताटलीतलं फलन कमी होतं, पण नैसर्गिक समागमात नाही. दुसरी: कॅटस्पर ही शुक्राणूच्या शेपटीतली कॅल्शियमची वाहिनी, २००१ मध्ये सापडलेली. ती नसलेल्या उंदरांच्या शुक्राणूत टायरोसिन-फॉस्फेट उलट लवकर आणि जास्त लागतं, हायपरअ‍ॅक्टिव्हेशन मात्र अजिबात होत नाही आणि नर वंध्य असतात. तिसरी: शुक्राणूंना कॅल्शियम आत सोडणारा आयनोफोर थोड्या मिनिटांसाठी दिला आणि मग धुऊन टाकला, तर पीकेएचा मार्ग रोखलेला असतानाही ते बीज फलित करू शकतात. आयनोफोरमध्ये असताना ते निपचित पडतात. धुतल्यावर जे पोहतात ते बघण्यासारखं असतं.

तिन्ही एकत्र ठेवा. पट्टे आहेत पण फटकारे नाहीत, पट्टे नाहीत पण पिल्लं आहेत. म्हणजे हायपरअ‍ॅक्टिव्हेशनचा अखेरचा हात कॅल्शियमचा आहे. फॉस्फोरिलेशन त्याच्यासाठी जमीन तयार करतं: आयन-वाहिन्या व पंप यांची क्रिया बदलते, शुक्राणूच्या आतला सामू वाढतो, पटलातून कोलेस्टेरॉल निघतं, आणि वाढलेल्या सामूवर कॅटस्पर उघडते. माणसात प्रोजेस्टेरॉनही तिला उघडतं, हे २०११ मध्ये दोन गटांनी एकाच वेळी दाखवलं. आत आलेलं कॅल्शियम शेपटीची लाट असमान करतं, एका बाजूचं वाकणं खोल होतं. कॅटस्परचे रेणूही कसेही पसरलेले नसतात. ते शेपटीच्या लांबीभर चार सरळ रांगांत बसलेले असतात आणि त्यांच्या रांगा विस्कटल्या तर हालचाल बिघडते. मी तर सांगेन की एखाद्या लेखात फक्त टायरोसिनचे पट्टे दाखवून ‘शुक्राणू कपॅसिटेट झाले’ असं म्हटलं असेल, तर तो पुरावा अर्धाच धरा.

फॉस्फोप्रोटिओमिक्सने, म्हणजे पेशीतली फॉस्फेट लागलेली प्रथिनं एकदम मोजण्याच्या तंत्राने, गेल्या काही वर्षांत फॉस्फेट लागणाऱ्या जागांच्या लांबलचक याद्या दिल्या आहेत. डायनीनची अंगं, एकॅप, बाह्य तंतूंची प्रथिनं, ग्लुकोज फोडणारी एन्झाइम, सगळं त्यात आहे. याद्या उपयोगी आहेत. पण एखादी जागा यादीत आहे म्हणून ती गती ठरवते असं होत नाही. तिच्यावरचं अमिनो आम्ल बदलून शेपटीचं वाकणं बदलतं का, हे बघावं लागतं, आणि ते काम संथ असतं.

फॉस्फेटपलीकडच्या बदलांत मला सगळ्यात रोचक वाटतो तो ट्युब्युलिनवरचा. सूक्ष्मनलिका ट्युब्युलिनच्या बनलेल्या असतात आणि त्याच्या बाहेर लोंबणाऱ्या टोकांवर ग्लायसिनच्या किंवा ग्लुटामेटच्या छोट्या साखळ्या जोडल्या जातात. डायनीन याच पृष्ठभागावर पाय टाकत जातं. २०२१ मध्ये उंदरातून ग्लायसिन जोडणारी दोन्ही एन्झाइम, टीटीएलएल३ आणि टीटीएलएल८, काढून टाकली गेली. शेपटी दिसायला ठीक, लांबीही ठीक. पण शुक्राणू सरळ न जाता गोल गोल फिरू लागले आणि नरांची प्रजननक्षमता घटली. गोठवलेल्या शेपट्यांचे इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने फोटो घेतले तेव्हा डायनीनच्या हातांच्या स्थिती विस्कटलेल्या दिसल्या. मोटर शाबूत, एटीपी शाबूत, रुळावरचा लेप गेला आणि दिशा गेली. साध्या वीर्य तपासणीत असे शुक्राणू ‘हलतात’ म्हणूनच मोजले जातील. असिटिल गटाचंही तसंच: अल्फा-ट्युब्युलिनवर तो लावणारं एन्झाइम नसलेल्या उंदरांत शुक्राणूंची गती कमी पडते.

इंधनाबद्दल थोडक्यात. मायटोकॉन्ड्रिया मध्यखंडात, तर शेपटीचा बराचसा भाग त्यांच्यापासून दूर. मुख्य खंडातलं एटीपी तिथल्या तिथे ग्लुकोज फोडून मिळतं, आणि त्यासाठीची एन्झाइम शुक्राणूपुरत्या खास रूपात तंतुमय आवरणाला चिकटलेली असतात. यातलं जीएपीडीएस हे एन्झाइम काढलं तर उंदराच्या शुक्राणूतला एटीपी नेहमीच्या सुमारे १० टक्क्यांवर येतो आणि ते जवळजवळ पुढे सरकतच नाहीत, मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजन व्यवस्थित वापरत असतानाही. पीकेएने कितीही फॉस्फेट लावायचं ठरवलं तरी फॉस्फेट येतो एटीपीतूनच.

बदल उपकारक असतात तसे घातकही. शुक्राणूच्या पटलात असंतृप्त स्निग्धाम्लं खूप. ऑक्सिडेशन वाढलं की त्यांच्यापासून अल्डिहाइड बनतात आणि ते प्रथिनांना कायमचे चिकटतात. मायटोकॉन्ड्रियाची प्रथिनं आणि डायनीनची जड साखळीही त्यांच्या तडाख्यात सापडते. हा बदल उलटत नाही, तो काढणारं कुठलंही एन्झाइम शुक्राणूकडे नाही आणि नवं प्रथिन बनवायची सोयही नाही. गोठवण्यातही असाच त्रास होतो: वितळवलेल्या नमुन्यात टायरोसिन-फॉस्फेट वेळेआधी वाढलेलं दिसतं, शुक्राणू कपॅसिटेशनच्या मध्यावर असल्यासारखे वागतात आणि लवकर दमतात. त्यामुळे गोठवलेला नमुना वापरताना वेळ साधावी लागते.

आता अहवाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वीर्य तपासणी पुस्तिकेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीनुसार पुढे जाणाऱ्या शुक्राणूंची खालची संदर्भ मर्यादा ३० टक्के आणि एकूण हलणाऱ्यांची ४२ टक्के आहे. बारा महिन्यांच्या आत नैसर्गिक गर्भधारणा झालेल्या जोडप्यांतल्या पुरुषांचा हा पाचवा शतमान आहे, म्हणजे त्यांच्यातले ५ टक्के याच्या खाली होते. याच्या खाली म्हणजे वंध्य आणि वर म्हणजे हमी, असं वाचू नये. शिवाय ही तपासणी वीर्यातली गती मोजते, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या टप्प्यातली. तिसऱ्या टप्प्याबद्दल ती गप्प असते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे ठळक केलं: कॅटस्पर काम करत नसलेल्या पुरुषांचा साधा अहवाल नॉर्मल असू शकतो, पण हायपरअ‍ॅक्टिव्हेशन होत नाही आणि साध्या आयव्हीएफमध्येही फलन होत नाही. इक्सीत शुक्राणू थेट बीजात सोडला जातो, तिथे शेपटीचा प्रश्नच येत नाही.

उलट, गती जवळजवळ शून्य असेल तर आधी शुक्राणू जिवंत आहेत का ते बघा. जिवंत पण निश्चल आणि शेपट्या आखूड, गुंडाळलेल्या, अनियमित असतील तर कारण बहुधा रचनेत आहे, जनुकात आहे. डीएनएएच१ हे डायनीनचं जनुक २०१४ मध्ये अशा पुरुषांत दोषी आढळलं आणि त्यानंतर यादी वाढत गेली. अशा वेळी फॉस्फोरिलेशन वाढवणारं काहीही देऊन उपयोग नाही, हलवायला यंत्रच पूर्ण नाही. लहानपणापासून सर्दी-खोकला, सायनस यांचा त्रास असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण श्वासमार्गातल्या केसांसारख्या सिलियांत हाच अ‍ॅक्सोनीम असतो.

वृषणातून सुईने काढलेल्या शुक्राणूंत मात्र ही रसायनं रोज कामाला येतात. ते एपिडिडिमिसमधून गेलेलेच नसतात, म्हणून हलत नाहीत, आणि जिवंत कोणता हे ठरवणं अवघड असतं. पेन्टॉक्सिफायलिन सीएएमपी मोडणारं एन्झाइम रोखतं, सीएएमपी साचतो, आणि काही मिनिटांत एखादी शेपटी हलकेच वळवळते. इक्सीसाठी तोच उचलायचा. मग तो धुऊन घ्यायचा, औषध बीजापर्यंत जाऊ द्यायचं नाही.

‘गती वाढवणाऱ्या’ गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. जस्त आणि फॉलिक आम्ल यांची २३७० जोडप्यांवर झालेली मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. वीर्याची गुणवत्ताही सुधारली नाही आणि जिवंत बाळांच्या जन्माचं प्रमाणही वाढलं नाही. शेपटीला स्वतःच्या घडणीसाठी थोडं ऑक्सिडेशन लागतंच, हे वर आलंय; त्यामुळे अँटिऑक्सिडंट जितकं जास्त तितकं चांगलं, हा हिशेब मला पटत नाही. ताप येऊन गेला असेल, तंबाखू चालू असेल, व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, असेल तर आधी तिकडे बघावं, आणि तपासणी दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा करावी, कारण नवा शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण तेवढा वेळ लागतो.

या सगळ्याचा उलटा वापरही सुरू झालाय. विरघळणारं सायक्लेज थोड्या वेळापुरतं बंद करणारा रेणू २०२३ मध्ये उंदरांवर वापरून बघितला गेला. एका मात्रेनंतर सुमारे अडीच तास शुक्राणू निश्चल राहिले आणि दुसऱ्या दिवशी नर पूर्ववत झाले. यातली खरी अडचण रेणू पोचवण्याची नव्हती. स्खलनानंतर शुक्राणू मादीच्या शरीरात जातात, तिथे औषध नसतं पण बायकार्बोनेट भरपूर असतं. म्हणून एन्झाइमला घट्ट धरून बसेल, लवकर सुटणार नाही असा रेणू शोधावा लागला. माणसांसाठी असं औषध अजून बाजारात नाही.